विल्यम मॉरिस : कापडावर उमललेला निसर्ग

वस्त्र ही माणसाची मूलभूत गरज आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा असे आपण नेहमी म्हणतो. परंतु अंगावरचे कापड केवळ थंडी-वाऱ्यापासून रक्षण करीत नाही. त्यावरील रंग, नक्षी आणि पोत यांतून ते तयार करणाऱ्याची दृष्टीही प्रकट होते. त्या कापडाचा रंग कशापासून तयार झाला, तो देताना कोणती नदी दूषित झाली आणि ते विणणाऱ्या हातांना कामाचा आनंद मिळाला की केवळ थकवा, असे प्रश्न विचारणारी माणसे मात्र थोडी असतात. एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमधील गिरण्यांचा धूर आकाश व्यापून टाकत असताना, हे प्रश्न स्वतःला आणि समाजाला विचारणारा एक कलावंत होऊन गेला. त्यांचे नाव विल्यम मॉरिस.

विल्यम मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो या गावी झाला. वडील लंडनच्या पैशाच्या बाजारपेठेत व्यवसाय करीत. घरची परिस्थिती चांगली होती. विल्यम सहा वर्षांचे असताना हे कुटुंब एपिंग नावाच्या प्राचीन अरण्याच्या कडेला असलेल्या एका मोठ्या घरात राहावयास गेले. त्या अरण्यात हॉर्नबीम जातीच्या वृक्षांची दाट राई होती. लहानगा विल्यम तासन्‌तास त्या झाडांमध्ये भटकत असे. पानांचे आकार, वेलींची वळणे, पक्ष्यांच्या हालचाली हे सारे त्याने त्या वयात डोळे भरून पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांच्या हातून जी नक्षी उतरली, तिचे मूळ या भटकंतीत आहे.

वडिलांनी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एका तांब्याच्या खाणीचे भागभांडवल घेतले होते. खाणीत तांब्याचा मोठा साठा सापडला आणि कुटुंब श्रीमंत झाले. १८४७ मध्ये वडिलांचे निधन झाले. तरी या खाणीच्या उत्पन्नामुळे कुटुंबाला आर्थिक चणचण भासली नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी मॉरिस यांना स्वतःचे असे वर्षाला सुमारे ९०० पौंडांचे उत्पन्न मिळू लागले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. त्यांच्या पुढील स्वतंत्र वाटचालीला या पैशाचा आधार होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे याच खाणीने त्यांच्या विचारांपुढे एक अवघड प्रश्न उभा केला.

१८५३ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात राहावयास गेले. धर्मगुरू व्हावे अशी त्यांची तेव्हा इच्छा होती. तेथे त्यांना एडवर्ड बर्न-जोन्स हा जिवलग मित्र भेटला. दोघांनी मिळून जॉन रस्किन यांचे ग्रंथ वाचले. मध्ययुगातील कारागीर स्वतःच्या बुद्धीने आणि आनंदाने काम करीत असे. यंत्रयुगाने मात्र त्याला निव्वळ हाताचे साधन बनवले, हा रस्किन यांचा विचार मॉरिस यांच्या मनात खोलवर रुजला. रस्किन यांच्याच एका दुसऱ्या पुस्तकाने पुढे १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या जीवनाला वेगळे वळण दिले. एकाच विचारवंताच्या लेखनातून दोन वेगळ्या देशांतील दोन माणसांनी श्रमाच्या प्रतिष्ठेचा धडा घेतला, हे येथे ध्यानात येते.

फ्रान्समधील जुनी भव्य चर्चे पाहून आल्यावर मॉरिस यांनी धर्मगुरू होण्याचा विचार सोडला. १८५६ मध्ये ते जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या कार्यालयात उमेदवारी करू लागले. तेथे फिलिप वेब यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. काही महिन्यांतच चित्रकार रोझेटी यांच्या प्रभावाने ते चित्रकलेकडे वळले. असे एकामागून एक मार्ग बदलणाऱ्या तरुणाकडे पाहून घरच्यांना काळजी वाटणे स्वाभाविक होते. परंतु ही केवळ धरसोड नव्हती. आपल्या हातांना नेमके कोणते काम मानवते याचा तो शोध होता.

२६ एप्रिल १८५९ रोजी मॉरिस यांचा जेन बर्डन यांच्याशी विवाह झाला. जेन एका तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. श्रीमंत घरातील तरुणाने गरीब घरात विवाह करणे त्या काळी इंग्लंडमध्येही सहजासहजी घडत नसे. या दांपत्यासाठी फिलिप वेब यांनी केंट परगण्यात लाल विटांचे एक घर बांधले. त्याचे नाव रेड हाउस. घर उभे राहिले. पण ते सजवायचे कशाने, हा प्रश्न पडला. बाजारात जे पडदे, गालिचे आणि लाकडी सामान मिळत होते, ते यंत्रावर घाऊक प्रमाणात काढलेले होते. त्यात अनुकरण होते, भडकपणा होता, पण जीव नव्हता. तेव्हा मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी सर्व वस्तू स्वतःच बनवायचे ठरवले. मित्रांनी भिंती रंगवल्या. मॉरिस आणि जेन यांनी जुने भरतकाम टाका-टाका उसवून पाहिले आणि त्यावरून टाके घालण्याची विस्मरणात गेलेली पद्धत शिकून घेतली. एका व्यवसायाचा जन्म असा घरातील गरजेतून झाला.

एप्रिल १८६१ मध्ये लंडनमधील रेड लायन चौकात या मित्रमंडळींनी एक कंपनी स्थापन केली. मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी हे तिचे नाव. त्यात सात भागीदार होते. सुरुवातीला प्रत्येकाने एकेक पौंडाचा भाग घेतला आणि मॉरिस यांच्या आईने १०० पौंड कर्जाऊ दिले. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर काचचित्रे, भरतकाम, लाकडी सामान आणि भिंतींना लावायचे छापील कागद बनवण्याचे काम सुरू झाले. १८६२ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या वस्तूंना पदके मिळाली आणि लोकांचे लक्ष या नव्या कंपनीकडे वेधले गेले.

भिंतीवरच्या कागदासाठी मॉरिस यांनी काढलेली पहिली नक्षी त्यांच्या बागेतील लाकडी जाळीची होती. जाळीवर गुलाबाचा वेल चढलेला आणि मधूनमधून पक्षी बसलेले. फुले मॉरिस यांनी काढली. पक्षी मात्र वेब यांच्याकडून काढून घेतले. कागदाची छपाई त्यांनी प्रथम स्वतः जस्ताच्या पत्र्यांवरून करून पाहिली. परंतु ती मनासारखी झाली नाही. अखेर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्या एका अनुभवी कंपनीकडे ते काम सोपवावे लागले. आपल्याला जे येत नाही ते मान्य करून जाणकाराची मदत घेणे, हा धडा त्यांनी अगदी आरंभीच घेतला.

कलेचे प्रेम पुष्कळ होते; हिशेबाची शिस्त मात्र नव्हती. पहिली काही वर्षे कंपनीचा जमाखर्च विस्कळीत होता. १८६५ मध्ये वॉरिंग्टन टेलर यांची व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली. कोणत्या कामाला किती खर्च येतो, किंमत किती घ्यावी, उधळपट्टी कोठे होते, हे सारे ते मॉरिस यांना पुन्हापुन्हा आणि स्पष्टपणे सांगत. त्याच सुमारास खाणीचे उत्पन्न घटू लागले होते. त्यामुळे प्रिय रेड हाउस विकून मॉरिस यांना कुटुंबासह लंडनमध्ये कारखान्याच्याच जागेत राहावयास यावे लागले. हौस म्हणून सुरू झालेले काम आता उपजीविकेचे साधन होणे भाग होते. पुढे १८७५ मध्ये कंपनीची पुनर्रचना झाली. एकट्या मॉरिस यांच्या मालकीची मॉरिस आणि कंपनी अस्तित्वात आली. जुन्या भागीदारांपैकी तिघांनी आपल्या हिश्श्यापोटी प्रत्येकी १००० पौंडांची भरपाई घेतली. मैत्रीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत पैशाचा वाद शिरला आणि काही जुने स्नेहबंध त्यात दुखावले गेले.

याच काळात मॉरिस कापडाच्या रंगकामाकडे वळले. १८७३ मध्ये त्यांनी ट्यूलिपची फुले आणि वाळुंजाची पाने यांची एक नक्षी तयार केली. ती त्यांना निळीच्या शांत, खोल निळ्या रंगात हवी होती. ज्या छापखान्याकडे हे काम दिले, त्याने मात्र ती प्रशियन ब्लू या रासायनिक रंगात छापून दिली. परिणाम पाहून मॉरिस यांची घोर निराशा झाली. नक्षी कितीही सुंदर असली तरी रंग दुसऱ्याच्या हाती असेल तर आपले काम आपले राहत नाही, हे त्यांना उमगले.

त्या काळात रंगांच्या व्यवसायात मोठी उलथापालथ झाली होती. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. त्यामागोमाग असे अनेक कृत्रिम रंग बाजारात आले. ते स्वस्त होते, वापरायला सोपे होते आणि डोळ्यांत भरणारे होते. वनस्पतींपासून रंग काढण्याची शतकानुशतकांची विद्या वीस वर्षांच्या आत विसरली जाऊ लागली. परंतु यांतील बरेच रंग उन्हाने लवकर विटत आणि विटल्यावर ओंगळ दिसत. वनस्पतींचा रंग फिका झाला तरी त्याची शोभा जात नाही, असे मॉरिस यांचे निरीक्षण होते. म्हणून त्यांनी प्रवाहाविरुद्ध जाण्याचे ठरवले.

इंग्लंडच्या मध्य भागातील लीक या गावी टॉमस वॉर्डल नावाचे रंगारी होते. १८७५ पासून मॉरिस त्यांच्या रंगशाळेत जाऊन शिकू लागले. वॉर्डल यांचा भारताशी जवळचा संबंध होता. आपल्याकडील वन्य टसर रेशमाला रंग देणे आणि त्यावर छपाई करणे याचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे रेशीम-उद्योगाची पाहणी करण्यासाठी ते भारतातही येऊन गेले. वॉर्डल यांच्या मदतीने मॉरिस यांनी जुने वनस्पतिग्रंथ धुंडाळले. निळ्यासाठी नीळ, लालसाठी मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या झुडपाची मुळे, पिवळ्यासाठी वेल्ड नावाची वनस्पती, तपकिरीसाठी अक्रोड आणि किरमिजीसाठी कोचिनील कीटक अशा द्रव्यांवर ते प्रयोग करू लागले. चाळिशी ओलांडलेला, नामवंत कवी म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ लाकडी खडावा घालून कामगारांबरोबर रंगाच्या कुंडाशी उभा राहत असे. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होत आणि तो रंग धुऊनही जात नसे. कित्येकदा रंग बिघडत. एकदा जमलेली छटा पुन्हा साधत नसे. तरीही प्रयोग थांबले नाहीत.

या रंगांत निळीचे काम सर्वांत कठीण होते. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला कुंडात विशिष्ट प्रक्रियेने विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. त्या कुंडातून बाहेर काढलेले कापड प्रथम हिरवट पिवळे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. कुंडाची उष्णता किंवा द्रव्यांचे प्रमाण जरा चुकले तरी सारी मेहनत वाया जाते. नीळ म्हटले की भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. युरोपच्या बाजारात येणारी नीळ मोठ्या प्रमाणावर भारतात पिके. तिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध बंगालमधील शेतकऱ्यांनी १८५९-६० मध्ये उठाव केला होता आणि १९१७ मध्ये चंपारणला गांधीजींनी सत्याग्रह केला. निसर्गातून मिळणारा रंगसुद्धा पिकवणाऱ्याच्या दुःखापासून मुक्त असतोच असे नाही.

भारतीय कापडाचे ऋण मात्र मॉरिस जाणून होते. फुलापानांची नक्षी छापलेल्या सुती कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात. हा शब्द आपल्या छीट या शब्दावरूनच तिकडे गेला. लंडनच्या संग्रहालयात भारत, इराण आणि तुर्कस्तान येथील जुनी वस्त्रे पाहून मॉरिस यांनी पुष्कळ शिकून घेतले. ब्रिटिश सत्ता आणि व्यापार यांमुळे भारतातील हस्तकला नष्ट होत आहेत, याबद्दल त्यांनी १८७९ मधील एका व्याख्यानात उघडपणे खंत व्यक्त केली. साम्राज्याच्या वैभवाच्या त्या काळात एका इंग्रज उद्योजकाने असे बोलणे धाडसाचे होते.

स्वतःच्या देखरेखीखाली सर्व कामे व्हावीत यासाठी मॉरिस एका योग्य जागेच्या शोधात होते. १८८१ मध्ये त्यांना लंडनजवळ मर्टन ॲबी येथे वँडल नदीच्या काठी सुमारे ७ एकरांची जागा मिळाली. तेथे पूर्वीच्या छपाई-कारखान्याच्या जुन्या लाकडी इमारती होत्या. वँडलचे पाणी रंगकामाला योग्य होते. मॉरिस यांनी जुन्या इमारती पाडल्या नाहीत. त्यांचीच दुरुस्ती करून घेतली. आवारात वाळुंज आणि पॉप्लरची झाडे होती, फुलांची बाग होती. धुतलेले सुती कापड हिरवळीवर उन्हात पसरलेले असे. एका शाळेत नीळ आणि मंजिष्ठेची कुंडे, दुसरीत माग, तिसरीत ठसे मारणारे कारागीर असे काम चाले. कारखाना म्हटला की धूर आणि कोंदटपणा डोळ्यांपुढे यावा अशा काळात हे दृश्य वेगळे होते. कारागिरांना इतर ठिकाणांपेक्षा बरे वेतन मिळे आणि काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना नफ्यातही वाटा मिळत असे.

येथेच १८८३ मध्ये त्यांची सर्वांत प्रसिद्ध नक्षी कापडावर उतरली. टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यात केल्मस्कॉट या खेड्यात मॉरिस यांनी १८७१ मध्ये एक जुने दगडी घर भाड्याने घेतले होते. तेथील परसबागेत स्ट्रॉबेरीचे वाफे होते. फळे पिकली की थ्रश पक्षी जाळीखालून शिरून ती पळवत. दुसऱ्या एखाद्याने पक्ष्यांना हाकलून दिले असते. मॉरिस यांनी त्या चोरट्यांनाच कापडावर आणून बसवले. चोचीत लाल फळ धरलेले पक्षी, भोवती फुले आणि पाने असलेली ही नक्षी स्ट्रॉबेरीचा चोर या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तिची छपाई अत्यंत किचकट होती. प्रथम सगळे कापड निळीत बुडवून गडद निळे करावयाचे, मग ठशाच्या साहाय्याने रंग उडवणारे द्रव्य लावून नक्षीचे भाग पांढरे किंवा फिकट निळे करावयाचे आणि त्यानंतर लाल व पिवळा रंग चढवावयाचा. या सर्वांना कित्येक दिवस लागत. दहा वर्षांपूर्वी बिघडलेली ट्यूलिप आणि वाळुंजाची नक्षीही आता मर्टनला खऱ्या निळीत छापली गेली. मॉरिस यांनी एका अपयशाची दुरुस्ती करण्यासाठी दहा वर्षे वाट पाहिली होती.

त्यानंतरच्या अनेक कापडांना त्यांनी नद्यांची नावे दिली. केनेट, एव्हनलोड, विंडरश, वँडल, मेडवे ही सारी टेम्सच्या खोऱ्यातील किंवा तिच्या परिसरातील नद्यांची नावे आहेत. या नक्षींत फुलांचे देठ तिरप्या लयीत वाहत्या पाण्यासारखे वळत जातात. क्रे नावाच्या कापडासाठी तर ३४ निरनिराळे लाकडी ठसे लागत. नक्षी काढताना मॉरिस फुलाची हुबेहूब नक्कल करीत नसत. झाड कसे वाढते, वेल कोणत्या दिशेने आधार शोधतो, पान पानामागे कसे लपते, हा वाढीचा नियम ते पकडत. त्यामुळे पाहणाऱ्याला कापडावर चित्र चिकटवल्यासारखे न वाटता तेथे काहीतरी उगवते आहे असे वाटते.

मॉरिस यांची शिकण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. जी कला दुसऱ्याकडून करून घ्यावयाची, ती आधी स्वतःच्या हाताने करून पाहावी, असा त्यांचा नियम होता. चित्रवस्त्र विणण्याची कला इंग्लंडमध्ये जवळजवळ लोपली होती. १८७९ मध्ये त्यांनी स्वतःच्या शयनगृहात उभा माग बसवला आणि एका जुन्या फ्रेंच पुस्तकाच्या आधारे ते पहाटे उठून विणू लागले. पहिले वस्त्र पुरे करण्यास त्यांना ५०० तासांहून अधिक वेळ लागला. स्वतः शिकल्यानंतर त्यांनी जॉन हेन्री डर्ल या तरुण मदतनिसाला ती कला शिकवली. मॉरिस यांची कन्या मे हिने १८८५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, भरतकाम विभागाची जबाबदारी स्वीकारली. ती स्वतः उत्तम नक्षीकार होती. मॉरिस यांच्यानंतर डर्ल हे कंपनीचे कलाप्रमुख झाले.

मॉरिस यांचा विरोध सरसकट सगळ्या यंत्रांना होता, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. नक्षीदार कापडासाठी त्यांनी जकार्ड माग वापरले. काही गालिचे बाहेरच्या कारखान्यांतून यंत्रावर विणून घेतले. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना चालत होते. माणसाला आपला गुलाम करणारे यंत्र नको होते. १८७७ मध्ये दिलेल्या आपल्या पहिल्या जाहीर व्याख्यानात त्यांनी विज्ञानाकडे एक साधी मागणी केली. मँचेस्टर शहराला आपला धूर आवरण्याची आणि लीड्स शहराला उरलेला काळा रंग नदीत न ओतता त्याची विल्हेवाट लावण्याची रीत विज्ञानाने शिकवावी, असे त्यांचे म्हणणे होते. रंगाच्या कारखान्यातील सांडपाण्याचा प्रश्न आज आपल्याकडेही अनेक नद्यांच्या काठी उभा आहे. तो मॉरिस यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला होता.

तथापि त्यांच्या जीवनात विसंगती नव्हत्या असे नाही. ज्या खाणीच्या पैशावर त्यांचे तारुण्य स्वावलंबी झाले, ती पुढे जगातील आर्सेनिक या विषाच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक बनली. १८७१ पासून काही वर्षे मॉरिस स्वतः तिच्या संचालक मंडळावर होते. आर्सेनिकयुक्त हिरवा रंग त्या काळी भिंतीच्या कागदांत सर्रास वापरला जाई आणि त्यामुळे माणसे आजारी पडतात असे डॉक्टर सांगत होते. मॉरिस यांच्या सुरुवातीच्या काही कागदांतही आर्सेनिक होते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीतून दिसून आले. १८७५ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. पण दहा वर्षांनंतरही, एका खाजगी पत्रात, त्यांनी डॉक्टरांची भीती अवास्तव ठरवली होती. नद्यांच्या काळ्या पाण्याविषयी तळमळीने बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या भिंतीवरचे विष मान्य करणे जड गेले. थोर माणसांचे चरित्र वाचताना असे उणे भागही वाचावेत. त्यांवरून सावध होता येते.

दुसरी विसंगती त्यांना स्वतःलाच फार सलत होती. हाताने रंगवलेले, हाताने छापलेले कापड महाग पडे. सर्वसामान्यांच्या घरी सौंदर्य पोचावे म्हणून ज्याने जन्मभर कष्ट घेतले, त्याचे ग्राहक मात्र मुख्यतः श्रीमंतच होते. केवळ एका कारखान्यात चांगले काम करून हा प्रश्न सुटणार नाही, समाजाची रचनाच बदलावी लागेल, अशी त्यांची खात्री पटली. १८८३ पासून ते समाजवादी चळवळीत उतरले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून त्यांनी कामगारांपुढे भाषणे दिली, वृत्तपत्र चालवले, आपला पैसा आणि प्रकृती त्यात खर्ची घातली. कारखान्याचा मालक आणि कामगारांचा पुढारी या दोन भूमिका एकाच माणसाने कशा निभवाव्यात, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती त्यांनी ऐकून घेतली; पण दोन्हींपैकी एकही काम सोडले नाही. १८९० मध्ये त्यांनी एक कादंबरी लिहिली. तिच्यात भविष्यकाळातील इंग्लंडचे चित्र आहे. तेथे टेम्सचे पाणी पुन्हा निर्मळ झाले आहे आणि माणसे आनंदाने, हाताने काम करीत आहेत.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी सुंदर पुस्तके छापण्यासाठी मुद्रणालय काढले. १८९५ मध्ये एपिंगच्या अरण्यातील हॉर्नबीम वृक्ष तोडले जात असल्याचे कळताच त्यांनी स्वतः जाऊन पाहणी केली आणि वृत्तपत्रात पत्रे लिहून त्याला विरोध केला. बालपणी ज्या झाडांनी त्यांना नक्षीचे पहिले धडे दिले होते, त्या झाडांसाठी साठी उलटलेला हा माणूस पुन्हा उभा राहिला.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, मॉरिस यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांचा देह केल्मस्कॉटला नेण्यात आला. ऐश्वर्याचे प्रदर्शन करणारी शववाहिका तेथे नव्हती. वाळुंजाच्या फांद्यांनी आणि वेलींनी सजवलेल्या एका शेतगाडीतून, भर पावसात, त्यांची अंत्ययात्रा निघाली. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतीपासून होणाऱ्या निळीचा व्यापार झपाट्याने खालावला. मॉरिस यांनी स्थापन केलेली कंपनी मात्र १९४० पर्यंत टिकली. ती बंद झाल्यावर भिंतीच्या कागदांचे ठसे दुसऱ्या कंपनीने जपून ठेवले. म्हणूनच त्यांच्या नक्षी आजही छापल्या जातात. त्यांच्या विचारांतून इंग्लंडमध्ये कला आणि हस्तव्यवसाय यांची एक मोठी चळवळ उभी राहिली. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्यावरही तिचा प्रभाव पडला.

आज आपल्या देशात नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल यांपासून रंग काढून कापड छापणारे अनेक छोटे व्यवसाय उभे राहत आहेत. त्यांतील स्त्री-पुरुषांना भांडवल, बाजारपेठ, पाण्याचा वापर आणि मालाची किंमत या अडचणींना रोज तोंड द्यावे लागते. मॉरिस यांनाही याच अडचणी आल्या होत्या आणि त्यांतील काही त्यांना अखेरपर्यंत सोडवता आल्या नाहीत. हातात घेतलेले काम मुळापासून शिकणे, निसर्गाकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहणे आणि आपल्या नफ्याची किंमत दुसरा कोणी मोजत नाही ना, हे पुन्हापुन्हा तपासणे, एवढे मात्र त्यांच्या जीवनावरून कोणालाही शिकता येईल. तपासण्याच्या बाबतीत ते स्वतः एकदा चुकले होते, याचीही आठवण त्याबरोबर ठेवावी.